दिवाणखान्यातले होम थिएटर : आधी खोली, मग स्पीकर, शेवटी केबल

घराच्या नूतनीकरणाचे काम निम्म्यावर आलेले असते, भिंतींत खाचा पाडणे चालू असते आणि एके सकाळी इलेक्ट्रिशियन विचारतो, "साहेब, टीव्हीच्या मागे किती पॉइंट काढू?" होम थिएटरविषयीचे बरेचसे कायमचे निर्णय या एका प्रश्नाच्या उत्तरात, उभ्या उभ्या, दोन मिनिटांत घेतले जातात. टीव्ही पाच-सात वर्षांनी बदलता येतो, स्पीकर विकून दुसरे आणता येतात. पण प्लॅस्टरच्या आत गेलेली तार बदलायची तर पुन्हा भिंत फोडावी लागते. माझ्या स्वतःच्या घरी २०१५ साली एचडीएमआय केबल पाइप न घालताच भिंतीत पुरली गेली. त्या वेळच्या फुल एचडी टीव्हीवर ती उत्तम चालली. पुढे फोर-के टीव्ही घेतल्यावर त्याच केबलमधून येणारे चित्र मधूनच काळे पडू लागले आणि अखेर नव्या रंगवलेल्या भिंतीवर पांढरी पट्टी ठोकून दुसरी केबल वरून न्यावी लागली.

त्या अनुभवानंतर मी जो क्रम पाळतो आणि इतरांनाही सुचवतो, तो असा आहे : खोली आणि बसण्याची जागा पहिल्यांदा ठरवावी, त्यावरून पडद्याचे माप, मग स्पीकर, मग त्या स्पीकरना पेलणारा रिसिव्हर (सर्व स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र) आणि सर्वांत शेवटी केबल. केबल विकत शेवटी घ्यायची असली तरी तिच्यासाठी पाइप मात्र सर्वांत आधी टाकावा लागतो, म्हणून हे सगळे निर्णय भिंती उघड्या असतानाच कागदावर उतरलेले असले पाहिजेत. पुढील विवेचनासाठी मी १० फूट रुंद आणि १५ फूट लांब असा हॉल धरला आहे, कारण मुंबई-ठाण्यापासून पुण्या-नाशिकपर्यंतच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये साधारण याच मापाची खोली वाट्याला येते.

खोली आणि बसण्याची जागा

अशा हॉलच्या एका आखूड बाजूला बाल्कनी आणि दुसऱ्या बाजूला प्रवेशद्वार किंवा स्वयंपाकघराकडे जाणारी वाट असते, त्यामुळे टीव्ही १५ फुटी भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकून अशी मांडणी होते. यात प्रेक्षकाच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर साधारण ८ फूट, म्हणजे २.४ मीटर राहते. चित्रपटासाठी पडद्याच्या रुंदीने डोळ्याशी ३० ते ४० अंशांचा कोन करावा असा सर्वमान्य संकेत आहे. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते आणि त्यासाठी ३० अंशांचा कोन २.३ मीटरवर मिळतो. ६५ इंची टीव्ही १४४ सेंटिमीटर रुंद असतो आणि २.४ मीटरवरून तो ३३ अंशांचा कोन करतो. म्हणजेच या हॉलमध्ये ५५ इंच जेमतेम पुरतो आणि ६५ इंच नेमका बसतो. टीव्ही लावताना त्याचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर यावा. आपल्याकडे तो सर्रास याहून दीड-दोन फूट वर लावला जातो, मान दुखते, आणि खाली ठेवलेल्या सेंटर स्पीकरमधून येणारे संवाद चित्रातल्या माणसाच्या तोंडून आल्यासारखे वाटत नाहीत.

आवाजाच्या दृष्टीने आपल्या हॉलची मोठी अडचण म्हणजे त्यातले कठीण पृष्ठभाग. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, बाजूला काच. आवाज या सर्वांवरून परततो आणि संवाद चरचरीत, अस्पष्ट होतात. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, बाल्कनीच्या काचेवर अस्तर लावलेला जड पडदा आणि एखाद्या भिंतीवर पुस्तकांचे उघडे कपाट एवढ्याने होणारा फरक महागड्या केबलने कधीही होत नाही. नेमके कोठे काय लावावे हे पाहण्यासाठी आरशाचा उपयोग करावा : आपण सोफ्यावर बसावे, घरातल्या दुसऱ्या कोणी बाजूच्या भिंतीला लावून आरसा सरकवत न्यावा आणि ज्या जागी आरशात आपल्याला पुढचा स्पीकर दिसेल त्या जागी पडदा, गादीसारखे पॅनेल किंवा कपाट यावे.

खर्जाचे गणित वेगळे असते. दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतरावरून त्या खोलीत कोणता खालचा स्वर घुमेल हे ठरते; १० फुटांसाठी तो सुमारे ५६ हर्ट्झ आणि १५ फुटांसाठी सुमारे ३८ हर्ट्झ येतो. भिंतीला डोके टेकून बसणाऱ्याला हे स्वर सर्वांत फुगून ऐकू येतात. म्हणून जागा असेल तर सोफा भिंतीपासून निदान एक फूट पुढे ओढावा. या एका फुटाचा घरात वाद होतो हे मला ठाऊक आहे, तरी तो फूट मागून घ्यावा.

स्पीकर

एकूण रकमेपैकी निम्म्याहून अधिक हिस्सा सबवूफरसह (खर्ज, म्हणजे खालचे स्वर, वाजवणारा वेगळा स्पीकर) स्पीकरवर खर्च व्हावा असे माझे ठाम मत आहे. रिसिव्हरमधले डॉल्बी आणि डीटीएसचे प्रकार, एचडीएमआयचे आकडे, टीव्हीचे पॅनेल हे सर्व काही वर्षांत मागे पडते. चांगला स्पीकर वीस वर्षे त्याच दर्जाने वाजतो.

१० बाय १५ फुटांच्या हॉलला ५.१ ही रचना पुरेशी आहे : समोर डावा, उजवा आणि सेंटर, बाजूला किंवा किंचित मागे दोन सराउंड, आणि एक सबवूफर. ७.१ साठी, म्हणजे मागे आणखी दोन स्पीकर लावायला, सोफ्याच्या मागे निदान चार-पाच फूट मोकळी जागा लागते आणि ती या खोलीत नसते. त्याऐवजी डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी (म्हणजे वरूनही येणाऱ्या आवाजासाठी) छतात दोन स्पीकर घालून ५.१.२ करणे अधिक शहाणपणाचे ठरते, पण ते फॉल्स सीलिंग होत असेल तरच. नुसत्या स्लॅबखाली त्यांची सोय नीट होत नाही. छतातील स्पीकर प्रेक्षकाच्या जवळजवळ डोक्यावर, किंचित पुढे यावे लागतात आणि नेमक्या त्याच भागात पंख्याचा हूक असतो, ही गोष्ट फॉल्स सीलिंगचा आराखडा काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवावी. ज्यांना एवढा पसारा नको त्यांनी वेगळ्या सबवूफरचा चांगला साउंडबार घ्यावा. स्वस्तातल्या पाच टिकलीएवढ्या स्पीकरच्या संचापेक्षा तो नक्कीच सरस वाजतो.

सेंटर स्पीकर हा या सर्वांत महत्त्वाचा, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्यातून येतात. डावा, उजवा आणि सेंटर हे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असावेत, नाहीतर पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मोटारीचा आवाज मध्येच बदलतो. डावा आणि उजवा स्पीकर प्रेक्षकापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर यावेत, आपल्या २.४ मीटर अंतरासाठी त्या दोघांमध्ये साधारण साडेसहा ते नऊ फूट अंतर येते. सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या थोडे मागे असावेत. सोफा भिंतीला लागलेला असेल तर हे तंतोतंत जमत नाही. तेव्हा सोफ्यामागच्या भिंतीवरच दोन टोकांना, कानापेक्षा एक-दोन फूट वर ब्रॅकेटवर लावून त्यांचे तोंड एकमेकांकडे वळवावे.

खोक्यावरचे वॅटचे आकडे वाचताना सावध असावे. 'पीएमपीओ' या नावाने छापलेल्या हजारो वॅटना काहीही अर्थ नाही. आरएमएस वॅट (सतत देता येणारे खरे वॅट), तेही किती चॅनेल एकाच वेळी चालवून, कोणत्या वारंवारतेच्या पट्ट्यात आणि किती विकृतीला मोजले, हे पाहावे. स्पीकरची संवेदनक्षमता हा आकडा वॅटइतकाच महत्त्वाचा असतो. ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १६ वॅटना तो एक मीटरवर १०० डेसिबलपर्यंत जातो आणि अडीच-तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंतही ९० डेसिबलच्या वर पोहोचतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट द्यावे लागतात. यावरून लक्षात येईल की फ्लॅटमधल्या हॉलला ५०-६० खरे वॅट भरपूर होतात.

सबवूफर आठ किंवा दहा इंची पुरतो. त्याची जागा ठरवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय थोडा चमत्कारिक दिसतो, पण तो करावाच : सबवूफर तात्पुरता सोफ्यावर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्ज असलेली एखादी ध्वनिफीत सतत चालू ठेवावी आणि जेथे तो ठेवणे शक्य आहे अशा कोपऱ्यांत ओणवे होऊन ऐकावे. जेथे खर्ज सर्वांत सम आणि नेटका ऐकू येतो ती सबवूफरची जागा. हा प्रयोग भिंती बंद होण्यापूर्वी करणे शक्य नसेल तर टीव्हीच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत त्याच्यासाठी पाइप आणि विजेचा पॉइंट काढून ठेवावा. खाली जाड रबराचा किंवा फोमचा पाट ठेवावा, कारण खर्ज स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो.

रिसिव्हर

रिसिव्हर निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. त्याला लागतील तेवढे चॅनेल असावेत आणि पुढे छतात दोन स्पीकर वाढवायचा विचार असेल तर सात चॅनेलचा घ्यावा. स्पीकर चार ओहमचे असतील तर तेवढा इम्पिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा रोध) पेलण्याची त्याची तयारी पुस्तिकेत नमूद असावी. टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय पोर्टवर ई-आर्क (टीव्हीचा आवाज उलट रिसिव्हरकडे आणणारी सोय) लिहिलेले असावे. आणि त्याच्यासोबत माइक मिळावा. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपीएओ अशा नावांनी खोलीनुसार आवाज जुळवण्याची जी सोय येते ती या माइकवर चालते.

येथे सुताराशी बोलण्याची एक गोष्ट आहे. रिसिव्हर साधारण ४३ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याची खोली ३३ ते ४० सेंटिमीटर असते. मागे केबलच्या वळणांसाठी आणखी ८-१० सेंटिमीटर लागतात. बारा किंवा चौदा इंच खोल टीव्ही युनिटमध्ये तो मावत नाही, पुढे डोकावत राहतो. युनिट किमान १८ इंच खोल करून घ्यावे. रिसिव्हरच्या डोक्यावर चार इंच मोकळी जागा आणि मागची फळी उघडी किंवा सुटी असावी, कारण हे यंत्र चांगलेच तापते आणि काचेच्या दारामागे बंद केल्यास स्वतःहून बंद पडते.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांबरोबर रिसिव्हर मागवण्याची इच्छा अनेकांना होते. अमेरिकेतला रिसिव्हर बहुधा केवळ १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टला तो थेट जोडला तर जळतो. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले नसेल तर त्याच्या वॅटपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड असतो, गुणगुणतो, आणि येथे वॉरंटीही चालत नाही. मी तो मार्ग सुचवणार नाही.

स्पीकरची तार

आता तार. स्पीकरच्या तारेकडून एकच अपेक्षा असते : तिचा रोध स्पीकरच्या मानाने नगण्य असावा. जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला म्हणजे काम झाले. आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम, चार ओहमच्या स्पीकरला ०.२ ओहम. बाजारात ही तार १६ गेज, १४ गेज, १२ गेज अशी मिळते. आपले इलेक्ट्रिशियन मात्र 'दीडची वायर', 'अडीचची वायर' असे चौरस मिलिमीटरमध्ये बोलतात. १६ गेज म्हणजे सुमारे १.३ चौरस मिलिमीटर, १४ गेज म्हणजे २.१ आणि १२ गेज म्हणजे ३.३, लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की गेजचा आकडा लहान तितकी तार जाड.

आता आपल्या हॉलचे माप लावून पाहू. रिसिव्हर टीव्हीखाली, सराउंड सोफ्यामागच्या भिंतीवर; पाइप भिंतींच्या कडेने फिरून, दार टाळून, वर-खाली होत जातो तेव्हा एका सराउंडला १० मीटर तार लागते, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम असतो, म्हणून २० मीटरला ०.२७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला हे चालते, चार ओहमच्या स्पीकरला चालत नाही. अडीचच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम, म्हणजे त्याच अंतरावर ०.१६ ओहम, ती दोन्हीला चालते. समोरच्या तीन स्पीकरची तार दोन-तीन मीटरची असते, तेथे दीडची तार निर्धास्तपणे वापरावी. भिंतीतून जाणाऱ्या सराउंडच्या तारा मात्र मी सरळ अडीचच्या टाकतो, कारण पुढे कोणते स्पीकर येतील हे आज माहीत नसते.

विकत घेताना खरा धोका जाडीचा नसून धातूचा असतो. स्वस्त, पारदर्शक आवरणाच्या कित्येक तारा आतून अ‍ॅल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. त्यांचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि वारंवार वाकवल्यास त्या तुटतात. ओळखण्यासाठी एक बारीक धागा ब्लेडने खरवडावा. आतून चांदीसारखा पांढरा निघाला तर ते अ‍ॅल्युमिनियम. उलट एखादी तार बाहेरून पांढरी आणि आतून लालसर दिसली तर ते कल्हई केलेले तांबे आहे आणि ते उत्तमच असते. कोकणपट्टीवर आणि गोव्यात राहणाऱ्यांनी कल्हईच्या तारेचा जरूर विचार करावा, कारण खाऱ्या दमट हवेत पारदर्शक आवरणाखालचे उघडे तांबे काही वर्षांत हिरवे-काळे पडते आणि टर्मिनलमध्ये त्याचा स्पर्श कच्चा होतो. दर पावसाळ्यानंतर टर्मिनलमधली टोके काढून पाहावीत; काळी पडली असल्यास तेवढा तुकडा छाटून नवे टोक सोलावे.

खास स्पीकरची म्हणून विकली जाणारी चांगली तांब्याची तार गावात मिळाली नाही तर अडून बसण्याचे कारण नाही. घरातल्या वीजजोडणीची आयएसआय चिन्हाची, अनेक धाग्यांची लवचिक तांब्याची तार ९० मीटरच्या गुंडाळीत कोठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. वेगवेगळ्या रंगांच्या दोन गुंडाळ्या घेऊन, दोन तारांना एकमेकींभोवती सैल पीळ देऊन पाइपातून नेल्यास ती स्पीकरला अगदी योग्य ठरते. मात्र काही वर्षांनी दुसरा कोणी इलेक्ट्रिशियन तिला विजेची तार समजून पॉइंट जोडण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक टोकाला 'स्पीकर' असा पक्का टॅग लावावा आणि घरात विजेसाठी वापरलेले रंग येथे टाळावेत.

चांदीच्या, गोठवून तयार केलेल्या किंवा दिशा सांगणारे बाण छापलेल्या स्पीकरच्या तारांवर पैसे खर्च करू नयेत. तेच पैसे सबवूफरला द्यावेत.

एचडीएमआय

एचडीएमआयमध्ये गोंधळ अधिक आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एचडीएमआय २.०, २.१ हे आकडे टीव्ही, रिसिव्हर अशा उपकरणांच्या सोयींबद्दल असतात. केबलचा दर्जा तिच्या वेगाच्या नावाने ठरतो. 'प्रीमियम हाय स्पीड' केबल सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेते आणि फोर-के, ६० हर्ट्झ, एचडीआर चित्रासाठी ती पुरेशी असते. 'अल्ट्रा हाय स्पीड' केबल ४८ गिगाबिटची असते. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर फोर-के १२० हर्ट्झचे खेळ खेळायचे असतील तर ती लागते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.२ साठी ९६ गिगाबिटची 'अल्ट्रा ९६' ही केबल ठरवण्यात आली आहे, पण घरगुती चित्रपटांना तिची आज गरज नाही. खोक्यावर नुसते 'एट-के' किंवा '२.१ केबल' छापलेले असणे पुरेसे नाही. प्रमाणित केबलच्या खोक्यावर क्यूआर कोडचे लेबल असते आणि ते एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने तपासता येते. दोन मीटरच्या केबलसाठी आज सरळ अल्ट्रा हाय स्पीड घ्यावी, किमतीतला फरक किरकोळ असतो.

एचडीएमआयचा संकेत (सिग्नल) अंकीय असल्यामुळे महाग केबलने रंग अधिक गडद किंवा चित्र अधिक रेखीव होत नाही. केबल अपुरी असेल तर चित्रात पांढरे ठिपके चमकतात, पडदा क्षण-दोन क्षण काळा होतो किंवा चित्रच येत नाही. पुरेशी असेल तर चित्र जसेच्या तसे पोहोचते. मधली अवस्था नसते, म्हणून सोन्याच्या मुलाम्याच्या आणि जाळीदार वेष्टनाच्या वर्णनाला भुलू नये.

फरक पडतो तो लांबीने. ४८ गिगाबिटसाठी साधी तांब्याची केबल तीन ते पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर न्यायचे असल्यास ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते. एका टोकावर उगम आणि दुसऱ्यावर पडदा अशा अर्थाची खूण असते, ती उलटी ओढली गेली तर काहीच दिसत नाही आणि पुन्हा बाहेर काढावी लागते. म्हणून पाइपात सोडण्यापूर्वी जमिनीवर पसरून, दोन्ही टोके जोडून, फोर-के चित्र अर्धा तास चालवून पाहावे.

रिसिव्हर आणि टीव्ही यांना जोडणारी केबल दोन्ही दिशांना काम करते. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर चित्रपट लावला की त्याचा आवाज त्याच केबलमधून उलट रिसिव्हरकडे येतो. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आलेली ही सोय म्हणजे आर्क. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो आर्कमधूनही जातो, पण ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडून त्यावरचा मूळ दर्जाचा ट्रू-एचडी आवाज रिसिव्हरकडे आणायचा असेल तर आर्कची सुधारित आवृत्ती ई-आर्क लागते. टीव्हीवरच्या तीन-चार पोर्टांपैकी बहुधा एकालाच आर्क किंवा ई-आर्क असते, केबल नेमकी त्याच पोर्टला लावावी. फायबरची केबल घेताना ती ई-आर्क पाळते असे खोक्यावर लिहिलेले आहे ना, हेही पाहावे.

टीव्ही जुना असेल आणि आर्क नसेल तर फक्त आवाजासाठीच्या वेगळ्या ऑप्टिकल केबलने डॉल्बी डिजिटल ५.१ पर्यंतचा आवाज मिळतो, अ‍ॅटमॉस मिळत नाही. तिच्या टोकांवरची इवलीशी प्लॅस्टिकची टोपी काढायला विसरू नये आणि तिला घट्ट घडी घालू नये. सबवूफरला रिसिव्हरच्या सबवूफर आउटमधून एकच आरसीए केबल जाते. जाळीचे चांगले वेष्टन असलेली असली म्हणजे आठ-दहा मीटरही निर्वेधपणे चालते.

पाइप, वीज आणि अर्थिंग

एचडीएमआयचे टोक वीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असते आणि एक इंची पाइपाच्या वळणात ते हमखास अडकते. टीव्ही आणि युनिट यांच्यामध्ये, तसेच प्रोजेक्टरकडे, किमान दीड इंची पाइप टाकावा. काटकोनी एल्बो न वापरता मोठे, गोलाकार वळण द्यावे आणि पाइप बंद करण्यापूर्वी त्यात नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. पुढे केव्हाही नवी केबल या दोरीला बांधून ओढता येते. माझ्या भिंतीत २०१५ साली ही दोरी असती तर पट्टी ठोकावी लागली नसती. विजेच्या तारा आणि या तारा एकाच पाइपातून कधीही नेऊ नयेत. त्या शेजारून जात असतील तर फूटभर अंतर ठेवावे, आणि एकमेकींना ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. टीव्हीमागे इंटरनेटसाठी कॅट-सिक्सची एक तार टाकून ठेवणेही उपयोगाचे. प्लॅस्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढावेत, म्हणजे पुढे ब्रॅकेटसाठी ड्रिल करताना पाइप फुटत नाही.

वीज भरपूर लागते असे नाही. टीव्ही, रिसिव्हर आणि सबवूफर मिळून सहा अ‍ॅम्पिअरच्या एका सर्किटवर सहज चालतात. मात्र अर्थिंग खरे असले पाहिजे. सॉकेटला तिसरे भोक असणे आणि त्यामागे अर्थिंगची तार जोडलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. सबवूफरमधून सतत 'घूं' असा आवाज येत असेल तर बऱ्याचदा सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची किंवा केबलची तार कारण असते. ती काढल्यावर आवाज थांबला तर त्या तारेवर आयसोलेटर बसवावा. प्लगची अर्थिंगची पिन कापून हा आवाज घालवण्याचा सल्ला काही जण देतात, तो जिवावर बेतू शकतो. भारनियमन असलेल्या गावात इन्व्हर्टर साइन वेव्हचाच असावा. आणि मराठवाडा-विदर्भात वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की सर्ज प्रोटेक्टर असला तरी प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावीत.

जोडणी आणि जुळवणी

सर्व उपकरणे बंद करूनच स्पीकर जोडावेत. तारेचे टोक सुमारे बारा मिलिमीटर सोलावे, धागे घट्ट पिळावेत आणि एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला लागत नाही हे डोळ्यांनी पाहावे. एवढ्या एका धाग्याने रिसिव्हर बंद पडतो. बनाना प्लग वापरले तर ही चिंता राहत नाही. लाल टर्मिनलपासून लाल टर्मिनलपर्यंत एकाच रंगाची तार गेली पाहिजे. एखाद्या स्पीकरची उलटी जोडणी झाली तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज कोठून येतो ते कळत नाही. भिंतीतून आलेल्या तारेबद्दल शंका असेल तर ती रिसिव्हरपासून सोडवून टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलची धन बाजू लाल तारेला असताना स्पीकरचा पडदा बाहेर सरकला तर जोडणी बरोबर आहे.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एचडीएमआय पोर्टसाठी वाढीव दर्जाचा संकेत सुरू करावा, कारण अनेक टीव्हींवर तो मुळात बंद असतो. आवाजाचे आउटपुट पास-थ्रू किंवा बिटस्ट्रीमवर ठेवावे. रिसिव्हरमध्ये सर्व स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झ ठेवावा, सबवूफरवरची वारंवारतेची खुंटी शेवटपर्यंत फिरवावी आणि आवाजाची खुंटी मध्यावर असावी. माइक सोफ्यावर नुसता न ठेवता कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, कानाच्या उंचीला लावावा. मोजणी चालू असताना पंखा, एसी आणि स्वयंपाकघरातली चिमणी बंद असावी, घरातल्यांनी दहा मिनिटे शांत बसावे. पंख्याच्या आवाजात झालेली मोजणी खर्जाचे गणित चुकवते.

मोजणी झाल्यावरही संवाद दबलेले वाटले तर सेंटर एक-दोन डेसिबलने वाढवावा. रात्री दहानंतर रिसिव्हरमधला नाइट मोड लावावा, त्याने स्फोट खाली येतात आणि संवाद ऐकू येत राहतात. पहिले आठ दिवस वेगवेगळे चित्रपट, बातम्या, क्रिकेटचा सामना असे सर्व काही लावून पाहावे, कारण सैल टोक किंवा कच्ची केबल याच दिवसांत उघडी पडते. तोवर टीव्ही युनिटची मागची फळी सुताराला पक्की ठोकू देऊ नये.